सलग ओळ

साल १९९१. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, आणि सांगलीत विश्रामबागेतल्या शरयूअक्का मगदुमांच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. अक्का माझ्या मागं उभ्या होत्या. एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात आमच्या वधूवर केंद्राची छापील पुस्तिका.

"पद्मा, ह्या मोकळ्या जागा काढून टाक बघू," त्या म्हणाल्या.

"कुठल्या मोकळ्या जागा?"

"ह्याच की. उभी रेघ, मग काहीच नाही, मग परत उभी रेघ. पुढचा दात पडल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे अक्का. त्या दिसाव्यात म्हणूनच ठेवल्यात."

"तुझं गणित राहू दे बाजूला. माणसांचं बघ जरा."

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळांना कॉम्प्युटर द्यायची सरकारी योजना निघाली, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी मला प्रशिक्षणाला धाडलं. बाकीचे शिक्षक त्या यंत्राला हात लावायला भीत होते. मला मात्र ते फार आवडलं. ते सांगितलेलं तंतोतंत करतं, न सांगितलेलं करत नाही, आणि चूक कुणाची ते लगेच दाखवतं. घरातल्या माणसांकडून तरी आणखी काय हवं असतं?

अक्का माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माझे यजमान गेले तेव्हा चारू, माझी मुलगी, शाळेत होती. त्या दिवसांत अक्का रोज डबा घेऊन यायच्या. समोर बसून मला चार घास खायला लावायच्या आणि मगच जायच्या. पुढं त्यांनी वधूवर केंद्र काढलं आणि त्यांच्या जावयानं त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारं कार्डही त्यात बसवलेलं होतं. तेव्हा त्यांनी मला हक्कानं बोलावून घेतलं. "यंत्र आलंय. चालवणारी तू," एवढंच म्हणाल्या.

प्रोग्रॅम मी लिहिला. तो अगदी साधा होता. प्रत्येक स्थळासाठी बारा कप्पे ओळीनं मांडायचे. नाव, जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, गाव असे. आधी लग्न झालं होतं का, हाही त्यातला एक कप्पा. कप्प्यांच्या अशा रांगेला अ‍ॅरे म्हणतात. छापताना मात्र लोकांना कप्पे नको असतात, एक वाचता येईल अशी ओळ हवी असते. म्हणून यंत्रानं पहिला कप्पा उघडायचा, त्यातले शब्द घ्यायचे, पुढं उभी रेघ ओढायची, दुसऱ्या कप्प्यातले शब्द जोडायचे, परत रेघ. असं करत शेवटपर्यंत जायचं. बारा तुकड्यांची एक सलग माळ तयार होते.

पहिल्यांदा शेवटच्या कप्प्यानंतरही रेघ उमटली होती. अक्का खूप हसल्या होत्या. "अगं, प्रत्येक नवऱ्या मुलाला शेपूट लावलीस की!" मग मी ती काढली.

पण रिकाम्या कप्प्याची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. ज्यानं एखादी गोष्ट सांगितली नाही, त्याच्या ओळीत दोन रेघांमध्ये पोकळी दिसायची. लोकांना ते हळूहळू कळलं. मुलींचे बाप पुस्तिकेवर बोट ठेवून ओळ वाचायचे. बोट पोकळीपाशी थांबलं की पायऱ्या चढून वर यायचे आणि विचारायचे, "अक्का, इथं मोकळं का सोडलंय?" मग अक्का त्या घरी विचारणा करायच्या आणि जे असेल ते तोंडावर सांगायच्या. त्यानंच केंद्राचं नाव झालं होतं. अक्कांकडं काही झाकलेलं नसतं, असं इस्लामपूरपर्यंतचे लोक म्हणायचे.

आणि आज अक्काच ती जागा काढून टाक म्हणत होत्या.

"माणसांचं म्हणजे काय?" मी विचारलं.

"कवठेपिरानची ती मुलगी आठव. वडील कुठं असतात ते तिच्या आईनं सांगितलं नाही. सोडून गेलेला माणूस, काय सांगेल बिचारी? छापून आली ती मोकळी जागा. गावभर झालं ना, की बाप तुरुंगात आहे म्हणून."

"मग तेव्हा आपण खुलासा केला की."

"खुलासा किती जणांपर्यंत पोचतो गं? पोकळी सगळ्यांना दिसते."

चारू आतून ताक घेऊन आली. ती बँकेत लागून दोन वर्षं झाली होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटली की ती अक्कांकडं येऊन नव्या स्थळांची माहिती कप्प्यांत भरायची. टायपिंग तिचं माझ्याहून चांगलं होतं आणि प्रोग्रॅम कसा चालतो हे मीच तिला शिकवलं होतं. रविवारी मी यायचे आणि छपाई करायचे.

"चारू, सांग तुझ्या आईला," अक्का म्हणाल्या. "मला नाही जमत ह्या मास्तरणीशी वाद घालायला."

चारूनं पेला माझ्या हाताशी ठेवला. "आई, अवघड नाही काही. जोडायच्या आधी बघायचं, कप्पा रिकामा आहे का. असेल तर रेघ न ओढता पुढच्यावर जायचं. एका ओळीचं काम आहे."

"काम एका ओळीचं आहे गं. पण मग कुणी काय सांगितलं नाही ते कळणार कसं?"

"ज्याला विचारायचं तो विचारेलच की. मोकळी जागा बघूनच विचारायचं, असं थोडंच आहे?"

मला ते पटलं नाही. पण कवठेपिरानची ती मुलगी डोळ्यांसमोर होती, आणि अक्का माझ्यासाठी डबा घेऊन यायच्या तो काळही. ताक पिऊन झाल्यावर मी ती एक ओळ घातली. छापून बघितलं. सगळी स्थळं कशी गुळगुळीत, भरलेली दिसत होती.

"बघ बरं," अक्का म्हणाल्या, "आता कसं सोज्वळ दिसतंय!" पण त्या आनंदल्यासारख्या वाटल्या नाहीत. पुस्तिका मिटून लगेच आत गेल्या. उन्हानं दमल्या असतील, असं मला वाटलं.

पावसाळ्यात नवी पुस्तिका निघाली. एका रविवारी छापलेले कागद लावता लावता मी थांबले. भरतेश उपाध्ये. बेळगावच्या कारखान्यात इंजिनिअर. उंची, शिक्षण, घर, सगळं ठीक. आमच्याच समाजातला. मी ती ओळ दोनदा वाचली. कुठं काही अडखळलं नाही.

"अक्का, हा कोण?"

"माझ्या मावसबहिणीचा मुलगा. सरोजिनीचा." अक्का देवापुढची समई पुसत होत्या. मान वर केली नाही.

"आणि मला बोलला नाहीत ते! घरात चोवीस वर्षांची मुलगी आहे माझ्या."

"माझ्या नात्यातला म्हणून मी पुढं केला नाही. उद्या काही झालं तर अक्कांनी गळ्यात मारला म्हणशील. तुझं तू वाच, तुझं तू ठरव."

मला अक्कांचं केवढं कौतुक वाटलं तेव्हा! घरी जाऊन मी चारूला ती ओळ वाचून दाखवली. ती भाजी चिरत होती. "बघ बाई तुला काय वाटतं ते," म्हणाली. "तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं, हे चारू कधीच म्हणायची नाही. साध्या परकराच्या रंगावरून तास तास भांडणारी मुलगी. मोठी झाली, समजूतदार झाली, असं मी मनात म्हटलं.

पाहण्याचा कार्यक्रम झाला. भरतेश शांत होता. बोलताना समोरच्याकडं नीट बघायचा. चारूनं त्याला पोहे दिले तेव्हा दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती, आणि मला ते लाजणं वाटलं. सरोजिनीबाई साध्या बाई. "आमचं काही मागणं नाही. दोघं सुखात राहू देत, एवढंच," असं दोन-तीनदा म्हणाल्या. दसऱ्यानंतर साखरपुडा करायचा आणि लग्न मार्गशीर्षात, असं ठरलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सरोजिनीबाई सांगलीला आल्या. आम्ही दोघी मिळून गणपती पेठेत साड्या बघायला गेलो. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग उलगडला. सरोजिनीबाईंनी एक लिंबाच्या रंगाची साडी हातात घेतली, पदर उलटून पाहिला आणि बाजूला सारली.

"ही नको. हाच रंग पहिल्या वेळी घेतला होता."

"पहिल्या वेळी म्हणजे?" मला वाटलं, थोरल्या सुनेसाठी.

"भरतेश भिलाईला नोकरीला होता तेव्हा हो. सगळीच घाई झाली. तिकडच्या तिकडं जमवलं, आम्ही मुलगी धड पाहिलीसुद्धा नाही. वर्ष निघालं नाही." त्यांनी माझा हात धरला. "एवढं सगळं माहीत असून तुम्ही मुलगी दिलीत, विहीणबाई. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

दुकानदार विचारत होता, "ही दाखवू का, बाई? ही बघा, मोराची आहे."

मी साड्यांकडं बघत राहिले. माझ्या तोंडावरून सरोजिनीबाईंना काय ते समजलं. त्यांनी माझा हात सोडला.

"अक्कांनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"चला," मी म्हटलं. "साड्या नंतर बघू."

त्यांना मी बसस्टँडवर सोडलं. वाटेत त्या रडत होत्या. "भरतेशनं सगळं सांगा म्हणून बजावलं होतं. घटस्फोटाचा कोर्टाचा कागदसुद्धा दिला होता अक्कांकडं. माझा मुलगा लपवणारा नाही हो, बाई." मी हो-हो म्हणत होते. रिक्षा तशीच वळवून मी विश्रामबागेत गेले.

अक्का ओसरीवर शेंगा निवडत होत्या. मला बघितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं. मी काही बोलायच्या आधीच.

"कळलं तुला," त्या म्हणाल्या.

"कागद तुमच्याकडं होता, अक्का."

"होता."

"आणि तुम्ही तो कप्पा रिकामा ठेवलात."

"मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, पद्मा. प्रथम विवाह असं लिहिलं असतं तर ते पाप झालं असतं. मी काहीच लिहिलं नाही."

"म्हणून मोकळ्या जागा काढायला लावल्यात माझ्याकडून? माझ्याच हातानं माझ्याच डोळ्यांवर पट्टी बांधायला लावलीत?"

त्या हाताला लागलेली माती पदराला पुसत राहिल्या.

"ती कवठेपिरानची मुलगी तुम्हाला आठवली ती ह्यासाठी? अक्का, अख्ख्या जिल्ह्यात तुम्हाला दुसरी मुलगी मिळाली नाही? बापाविना वाढवलेली माझी एकुलती एक पोर मिळाली?"

"शिव्या द्यायच्या तेवढ्या मला दे." अक्कांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पण लग्न मोडू नकोस. मुलगा सोन्यासारखा आहे. त्याचा काही दोष नव्हता, त्या मुलीचं मन दुसरीकडं होतं. आणि हे बघ, चारूला काही बोलू नकोस. तेवढं माझं ऐक."

"का? तिला तोंड दाखवायला लाज वाटते?"

"तसं समज," अक्का म्हणाल्या.

मी शेंगांचं सूप लाथेनं उडवलं. आयुष्यात मी असं कधी केलं नव्हतं. शेंगा अंगणभर झाल्या. अक्का त्या वेचायलाही उठल्या नाहीत.

घरापर्यंत मी चालत गेले. सांगायचं कसं, एवढाच विचार डोक्यात होता. चारूनं त्या मुलाचा फोटो पुस्तकात ठेवलेला मी पाहिला होता. अक्कांना ती दुसरी आई मानायची. एकाच वाक्यात तिची दोघंही हिरावली जाणार होती, आणि ते वाक्य मला बोलायचं होतं.

दिवस कलला होता. आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवणारी माणसं, त्यामुळं चारू बँकेतून आल्या आल्या स्वयंपाकाला लागायची. तिनं दोन ताटं मांडली होती. भाकरीचा वास घरभर होता.

"साड्या नाही आणल्यास?" तिनं विचारलं.

"चारू, बस इथं. हात धू आणि बस."

ती बसली. मी तिचा हात हातात घेतला. "बाळा, मी जे सांगणार आहे ते शांतपणे ऐक. आपल्याला फसवलंय. भरतेशचं आधी एक लग्न झालेलं आहे. अक्कांना माहीत होतं आणि त्यांनी लपवलं. तुझं मन किती गुंतलंय ते मला दिसतं गं, पण..."

तिनं हात काढून घेतला नाही. फक्त तो माझ्या हातात अगदी निश्चल झाला.

"आई, मला माहीत आहे."

मला वाटलं, सरोजिनीबाईंनी बँकेत फोन केला असेल. "आत्ता कळलं?"

"नाही. आधीपासून."

"आधीपासून म्हणजे कधीपासून?"

"गेल्या दिवाळीत तू पुण्याला शिबिराला गेली होतीस ना? मी अक्कांकडं राहिले होते. तेव्हा तो तिथं होता. निकाल नुकताच लागला होता त्याचा, घरी जायला नको म्हणायचा." ती थांबली. "नंतर पत्रं यायची. बँकेच्या पत्त्यावर."

तव्यावर भाकरी करपायला लागली होती. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"म्हणजे पाहण्याच्या वेळी..."

"हो."

"आणि ती माहिती कप्प्यांत कुणी भरली?"

"मीच. शनिवारी."

मी तिच्याकडं बघत होते. हिला मी बेरीज शिकवली, यंत्र शिकवलं. हिच्या शाळेच्या भांडणांपासून बँकेतल्या साहेबाच्या नकलांपर्यंत रोज सगळं ऐकलं. जेवताना आम्ही दोघीच. तिच्या पोटात माझ्यापासून काही राहत नाही, असं मी शाळेत बायकांना अभिमानानं सांगायचे.

"त्या मोकळ्या जागा काढून टाकायची कल्पना अक्कांची नव्हती," मी म्हटलं. मी विचारत नव्हतेच.

"अक्का नको म्हणत होत्या. दोनदा नको म्हणाल्या. पद्माला सरळ सांगू, मी समजावते तिला, असं म्हणाल्या. मीच त्यांच्या पाया पडले." आता ती रडायला लागली. "आई, ती पोकळी छापून आली असती तर तू पहिल्यांदा तिथंच बोट ठेवलं असतंस. मग चौकशी केली असतीस. मग नाही म्हणाली असतीस."

"मी नाही म्हणाले असते, हे तुला कुणी सांगितलं?"

"मला माहीत होतं."

"मला विचारलं होतंस?"

तिनं पाण्याचं भांडं उगाच जवळ ओढलं.

"एकदा तरी विचारलं होतंस, चारू?"

"नाही," ती म्हणाली.

बाहेर ऊन भिंतीच्या वरच्या टोकाला गेलं होतं. मी उठले, तवा उतरवला, करपलेली भाकरी बाजूला ठेवली आणि दुसरी थापली. तिच्या ताटात वाढलं.

"जेवून घे," मी म्हटलं. "दिवस मावळेल."

"आणि लग्न?" तिनं घाबरत विचारलं.

"ते तुम्ही ठरवलंय. मोडायला मी कोण?"

मार्गशीर्षात लग्न झालं. सगळे विधी मी केले, हसून केले. ओळखीच्या बायका म्हणत होत्या, "पद्माबाई, जावई कसा शोधून काढलात! एकटीनं एवढं केलंत!" मी हात जोडत होते. पाठवणीच्या वेळी चारू माझ्या गळ्यात पडून खूप रडली. मला रडू आलं नाही. नवऱ्याच्या माघारी एकट्या बाईनं किती धीरानं घेतलं, असं लोक म्हणाले.

आता ह्याला खूप वर्षं झाली. अक्कांच्या केंद्रात मी पुन्हा गेले नाही. त्यांनी दुसरी एक मुलगी कामाला ठेवली. पुस्तिका तशीच गुळगुळीत निघत राहिली. पण ओळीवर बोट ठेवून विचारायला येणारी माणसं कमी होत गेली, आणि लग्नं कॉम्प्युटरवरच जुळायला लागली तेव्हा केंद्र बंद झालं. शेवटच्या आजारात मी अक्कांना भेटायला जायचे. त्यांना भरवायचे. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. चारूचं नाव त्यांनी माझ्यापुढं शेवटपर्यंत घेतलं नाही. सगळा दोष त्यांनी स्वतःवर ओढून घेतला होता, आणि तो तसाच घेऊन त्या गेल्या.

सरोजिनीबाई चारूला लेकीसारखं वागवून गेल्या. चारू बँकेत मोठ्या पदावर पोचली आणि मागच्या वर्षी तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिला दोन मुलगे आहेत. धाकटा बंगळुरूला कॉम्प्युटरवरच काम करतो. आजी, तुमच्या काळी तुम्ही काय लिहायचा, असं एकदा त्यानं विचारलं. विसरले, असं मी सांगितलं.

चारू रोज संध्याकाळी फोन करते. मी तो घेते, सगळं ऐकते, काळजी घे म्हणते. त्या दिवसानंतर मी तिला एकही प्रश्न विचारलेला नाही. तिच्या ते लक्षात आलंय की नाही, मला माहीत नाही.

आणि भरतेश. अधूनमधून मी त्यांच्याकडं राहायला जाते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानंच डोळ्यांत थेंब घातले, न चुकता. चारूला त्यानं कधी वाकडा शब्द बोललेला मी ऐकला नाही. अतिशय भला माणूस निघाला. तो जरा जरी वाईट निघाला असता, तर माझ्या मुलीवर मला एकदा मोकळेपणानं रागवता आलं असतं.